आठही कॉम्प्युटरवर माझं नाव

मैत्रिणींनो, आजचीच गोष्ट आहे, म्हणून ऑफिसच्या फळ्यावर लिहून राहिली.

आपल्या रामदासपेठेच्या ऑफिसात आठ नवे कॉम्प्युटर आले. साहेब म्हणाले, "मुंबईचा इंजिनियर येईपर्यंत बायकांनी हात लावायचा नाही."

मी माझा कॉम्प्युटर लावला, त्याचीच सगळी मांडणी फ्लॉपीवर घेतली आणि दुपारपर्यंत बाकीचे सातही सुरू केले.

चूक एकच झाली. स्वतःच्या हिमतीसाठी माझ्या कॉम्प्युटरवर लिहिलेली ओळही फ्लॉपीसोबत सगळीकडे गेली. आता कोणताही कॉम्प्युटर सुरू केला, की पडद्यावर येतं, ‘सुमन, घाबरू नको.’

साहेब ओरडले, "काहून केलं हे? आत्ताच्या आत्ता पुसा!"

मी म्हटलं, "मी नाही पुसत. मुंबईचा इंजिनियर येईल, तोच पुसेल."

उद्या सकाळी साहेब त्या आठांतला स्वतःचा कॉम्प्युटर सुरू करतील. कोणाकोणाले पाहाले यायचं आहे?