लिंपलेली दारं

जऊळक्याच्या रस्त्याला लागून रामीबाईचा तांडा आहे. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो आणि होळीला परततो. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या दारात दगड रचते, वरून माती-शेणाचा जाड गिलावा देते. घुशी-डुकरांपुढं कुलपाचं काही चालत नाही. परतल्यावर ते दार फोडायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. सुकलेली माती फुटते आणि आत कोंडलेला धुराचा वास अंगावर येतो. रामीबाईला त्या वासानंच घरी आल्यासारखं वाटायचं.

त्याच दारानं तिचा घात केला.

तालुक्याचं शहर वाढत वाढत तांड्याच्या नाल्यापर्यंत आलं होतं. ते पुढं कसं वाढेल, रस्ते कुठून जातील, याचा अभ्यास करायला बाहेरची माणसं नेमली गेली. ती आली ऐन थंडीत. त्यांना दारं नसलेल्या भिंती दिसल्या. पडीक बांधकाम, त्यांनी नोंदवलं. उन्हाळ्यात विकास आराखडा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला, तेव्हा तांड्याच्या जागी नुसता हिरवा रंग होता. उद्यान.

हरकतींच्या सुनावणीला रामीबाई नवऱ्याला, हेमलाला, घेऊन गेली.

"साहेब, आमी तिथंच राह्यतो," हेमला हात जोडून म्हणाला.

"पाहणीत कुणी सापडलं नाही हो, काका."

"दार लिंपून गेलतो आमी," रामीबाई म्हणाली. "आवाज तरी द्यायचा. भिंतीले इचारलं अन् चालले गेले!"

साहेब हसले. फेरपाहणी होईल, म्हणाले. कधी? डिसेंबरात.

"डिसेंबरात आमी उसात असतो!"

"बाई, तुमच्या सवडीनं शहराचं नियोजन होत नाही."

परतताना नाल्याशी आल्यावर तिनं चप्पल काढून नव्या रस्त्यासाठी रोवलेल्या खुणेच्या दगडावर दोनदा हाणली.

"दगडाले काय मारतं?" हेमला म्हणाला.

"साहेबाचं डोस्कं तिथं नव्हतं म्हणून."

दिवाळीनंतर ट्रक आला. रामीबाईनं दार लिंपलं नाही, कुणाला लिंपूही दिलं नाही.

"यंदा मी येत नाही."

हेमला चिडला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. "मी काय झाडासंगं जोडी लावू?"

"पोराच्या कोयत्यामागं मोळ्या बांध."

मुलगा बादल बोचकी ट्रकमध्ये चढवू लागला. सून चंदा ट्रकमधून सासूला म्हणाली, "याडी, एकटी कशी राहशीन वं?"

"एकटी कायची? सारा तांडा हाय माह्यापाशी."

आणि ती खरंच सारा तांडा सांभाळू लागली. सकाळी या घरात चूल पेटव, दुपारी त्या घरात. कापसाच्या पऱ्हाट्या वाहून खांदे सोलले. ओसाड घरांतून धूर निघे आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई. ते धुराचं आहे, असं ती स्वतःलाच दरडावून सांगे.

डिसेंबर संपता संपता पाहणीवाली मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"आजी, इथं तुम्ही एकट्याच राहता?"

"चुली पाह्य. साऱ्या गरम हायेत."

"पण माणसं कुठं आहेत?"

"सकाळी चहा पेली का तू?"

"हो..."

"साखर होती का त्यात?"

मुलीनं मान डोलावली.

"ते तोडाले गेले माणसं. शहराले साखर पाह्यजे, तोडणारा नको! त्याच्या घरावर बगीचा पाह्यजे, फिराले!"

मुलीनं टॅब पुढं केला. त्यात राहतं, बंद, पडीक, एवढंच होतं. रामीबाईच्या घरापुढं तिनं 'राहतं' दाबलं. बाकीच्या घरांत माणूस दिसल्याशिवाय तसं लिहिता येत नाही, साहेबांना विचारते, असं म्हणून ती गाडीकडं वळली.

रामीबाईनं तिचं मनगट धरलं. जोरात.

"साहेबाले फोन कर. इथूनच. त्याले म्हण, म्हातारी हात सोडून नाही राह्यली." तिनं मुलीला शेजारच्या उंबऱ्यात ओढलं. "हे फुलचंदचं घर. आत जाय. चुलीवर हात ठेव, चटका बसला का 'राहतं' लिही."