बरणीतली निंदणीवाली

मूर्तिजापूरच्या अलीकडे भर उन्हात आमची अकोल्याची बस बंद पडली. शेजारच्या माणसाच्या मांडीवर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली काचेची बरणी होती. पाणी तापलं का ते बघायला तो सारखा तिला गाल लावत होता.

“काय आहे भाऊ त्यात?”

“समुद्रातली गोगलगाय. पाणी तापलं का मेली.”

त्यानं दुपट्टा जरासा सरकवला. बोटाच्या पेराएवढा, बिनशंखाचा जीव. पाठीवर पांढऱ्या टोकांची मऊ झालर.

“शौकिनांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्रफुलं माजतात, वावरातल्या तणासारखी. हे तेवढंच खाते, दुसऱ्याले तोंड लावत नाई. अमरावतीच्या टाकीतलं निंदून झालं. आता अकोल्याच्या टाकीत नेऊन राहिलो.”

“येवढ्याशा जिवापायी येवढी धावपळ काहून?”

तो एकदम उखडला. “काम सरलं म्हून उपाशी मारू काय तिले?”

नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातलं माझं काम कालच सरलं होतं. गेटवर कुणी मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

मी उठून उन्हाच्या खिडकीशी पाठ लावून उभा राहिलो. माझी सावली बरोबर बरणीवर पडली.