व्याह्यांची टाकी

एका लोखंडी टाकीवर आमच्या व्याह्यांइतका जीव लावणारा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. पेशानं ते शीतगृहांची यंत्रं बसवून देणारे इंजिनिअर. मुलीसाठी त्यांचा मुलगा बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा मुलगा बाहेर येण्याआधी त्यांचा लो-प्रेशर रिसीव्हर, म्हणजे हीच टाकी, बोलण्यातून बाहेर आला. अमोनियाच्या यंत्रात कॉम्प्रेसरनं वायूच ओढायचा असतो. द्रव आत गेला की तो मोडलाच. म्हणून त्याच्या अलीकडं ही टाकी बसवायची. ती द्रव अडवते, वायू तेवढा पुढं सोडते. पंप लागत नाही आणि मुख्य म्हणजे विषारी अमोनिया थोडक्यात भागतो. हे सगळं होईस्तोवर पोहे गार झाले होते. लग्नातही मांडवाच्या दारात उभे राहून ते वऱ्हाड अडवत होते. "थोडे थोडे सोडा! सगळे एकदम पंगतीत घुसले तर आचारी बसलाच म्हणून समजा."

अहमदपूरजवळच्या एका चिंचेच्या शीतगृहासाठी त्यांनी हीच टाकी सुचवली. मालकाचं तोंड उतरलं. "साहेब, बाजूवाल्याकडं ढीगभर अमोनिया हाय. आपल्याकडं एवढासाच? लोकं हसतील की." व्याह्यांनी त्याच्या ओट्यावर ठाण मांडलं. चहा पीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकी समजावत बसले. शेवटी ओटा मोकळा व्हावा म्हणून मालकानं होकार दिला.

गेल्या उन्हाळ्यात तिथला एक पाइप फुटला. फोन आला तेव्हा मी त्यांच्यासोबतच होतो. एरवी जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबणारा हा माणूस गाडीतून उतरून चक्क पळत सुटला. डोळे झोंबवणारा वास होता. पण मुळात अमोनियाच थोडा, त्यामुळं बंब पोचेपर्यंत तो ओसरलाही. कामगार सुखरूप बाहेर आले होते. भिंतीपलीकडच्या शाळेतली पोरं जराशी खोकली आणि सुटी मिळाली म्हणून नाचत घरी गेली.

मालकानं गावजेवण घातलं. पुढाऱ्यांनी भाषणात संकट टळल्याचं श्रेय आधी ग्रामदैवताला दिलं, मग स्वतःला. व्याह्यांचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. मी चिडून म्हणालो, "अहो, तुमचं नाव घ्यायला यांना काय झालं होतं?"

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "काही घडलं असतं तर सगळ्यांनी माझंच नाव घेतलं असतं. घडलंच न्हाई, तर काय बोलतील?"

समोरच्या ओळीत शाळेतली पोरं जिलेबीवरून भांडत होती. त्यातलं एक जोरात खोकलं, तसे व्याही ताटावरून ताडकन उठले. पोराला नुसता ठसका लागला होता. ते ओशाळं हसून खाली बसले. पाण्याचा पेला उचलला, पण तोंडापर्यंत नेईनात. नजर त्या पोरावरच होती.