वहिनींच्या गाडीचे गरम पाइप

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वहिनी लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये एकट्याच नाचल्या. हातात पाना, अंगात इस्त्रीचा एप्रन आणि पायात वेगवेगळ्या जोडांच्या दोन चपला. गाडी म्हणजे किट कार. सुटे भाग खोक्यांतून घरी येतात आणि आपले आपण जोडायचे. दिवसभर लोकांचे शर्ट इस्त्री करायचे आणि संध्याकाळी नट आवळत बसायचं, असं वहिनींचं कितीतरी महिने चाललं होतं. गाडी लालभडक, बुटकी, दोनच सीटांची. वर छप्पर नाही, बाजूला दार नाही. बसायचं तर कडेवरून पाय आत टाकायचा. आणि त्या कडेखाली, दोन्ही अंगांना, दंडाएवढे जाड, चकचकीत धुराचे पाइप! इतरांच्या गाड्यांचे पाइप पोटाखाली लपलेले असतात. हे उघड्यावर, मिरवायला. वहिनींचा जीव जडला होता तो या पाइपांवरच.

वहिनी अख्ख्या गल्लीच्या वहिनी. नवऱ्याला त्या 'अहो' म्हणत, म्हणून गल्लीनेही तेच नाव उचललं होतं. "अहोंनी माझा कोट दिला का?" असं गिऱ्हाइकं खुशाल विचारत. अहो उंच, शांत आणि कपड्यांच्या घड्या इतक्या सुबक घालणारे, की त्या मोडायला जिवावर यावं.

पहिल्या फेरीत वहिनींच्या शेजारी बसायचा मान अहोंचाच. गाडी अशी काही गरजत निघाली की खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. बाजार, पूल, पुढचा मोकळा रस्ता. अहोंच्या चेहऱ्यावर हसू मावेना. परत आल्यावर ते रुबाबात उठले, एक लांबलचक पाय बाहेर टाकला आणि पोटरी थेट पाइपाला टेकवली.

"आई गं!"

एका पायावर उड्या मारत ते दुकानात शिरले आणि कपडे भिजवायच्या टबात पाय घालून बसले. त्यात डॉक्टरांचे पांढरे कोट होते.

"फार भाजलं का हो?" वहिनी धावत आल्या.

"भाजलं," अहो कळवळत म्हणाले, "पण पुलावर काय पळवलीस गं!"

पोटरीवर लाल चट्टा उठला होता. गाडीकडे जाऊन बघितलं तर पाइपाच्या वर गाडीच्या लाल रंगालाही फोड आलेले. वहिनींनी पदर खोचावा तसा एप्रन खोचला.

आधी त्यांनी काचेच्या धाग्यांची पट्टी आणली. ती ओली करून पाइपाला घट्ट गुंडाळायची, म्हणजे उष्णता आतल्या आत राहते. इकडे नवऱ्याच्या पोटरीला पट्टी, तिकडे गाडीला पट्टी. घरात दोन आजारी झाले. मग इंजिन चालू केलं, आणि पट्टीतून पांढरा धूर असा काही निघाला की शेड दिसेनाशी झाली.

"आग! आग!" समोरचा केकवाला पाण्याचा पाइप घेऊन धावला.

"अरे, नको! नवी पट्टी धूर सोडतेच!" वहिनी ओरडल्या. पण तोवर गाडी, वहिनी आणि लंगडत आलेले अहो, तिघंही नखशिखांत भिजले होते. केकवाला ओशाळला. वहिनी मात्र पोट धरून हसत सुटल्या. त्यांचं बघून अहो हसले, आणि शेवटी केकवाला तर खालीच बसला.

पुन्हा इंजिन चालवून पट्टी सुकवली, तेव्हा धूर थांबला. पाइप निवायच्या आत वहिनींनी इस्त्री तपासतात तशी बोटं ओली करून थेंब उडवला. चर्रर्र. उघड्या पाइपावर उडालं असतं तेवढं जोरात नाही, पण चर्रर्रच. म्हणजे पट्टी पुरेशी नव्हती. पाइपाला न चिकटता, जरा अंतर राखून वर बसेल असं काहीतरी झाकण हवं होतं. मधून वारा खेळला तरच ते गार राहणार.

वहिनींची नजर कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या मोठ्या वॉशिंग मशीनवर गेली. आतला ड्रम स्टीलचा, न गंजणारा आणि अंगभर भोकंच भोकं.

"अहो, हे धरा!"

दोघांनी ड्रम बाहेर ओढला. वहिनींनी तो कापला, ठिणग्यांचा पाऊस पाडला, पत्रा ठोकून सरळ केला आणि परत अर्धगोल वाकवला. खाली छोटे पाय लावून तो पाइपांवर क्लॅम्पने आवळला. गाडीच्या आत, बसणाऱ्याच्या पायांशी, गालिच्याखाली, उष्णता अडवणारा चंदेरी थर अंथरला. मग लांबची फेरी मारून आल्या आणि पत्र्यावर थेंब उडवला. थेंब मुकाट बसून राहिला. अहोंनी भीत भीत तळवा टेकवला.

"गरम आहे, पण ओरडण्याइतकं नाही."

वहिनींनी त्यांना मिठी मारली, तीही भर गल्लीत.

हे सगळं सासूबाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. गाडीला त्या इतके दिवस 'बोंबलणारी बादली' म्हणत. आज जिना उतरून त्या थेट शेडमध्ये आल्या.

"मला बसव."

"आई, तुम्ही?"

"का? मला काय सीट नाही?"

अहोंनी आईला उचलून आत ठेवलं. फेरी झाली. सासूबाई उतरेनात. कपाळाला आठी.

"काय झालं, आई? चटका बसला का?"

"चटका कुठला! सुरुवातीला गुडघ्यांना अशी गोड ऊब लागली, म्हटलं आता दुखणं पळणार. पुढे काही वाढेचना."

"तो आतला थर उष्णता अडवतो, आई. मुद्दाम लावलाय."

"मग माझ्या बाजूचा काढ."

वहिनींना असं हसू फुटलं की पाना हातातून गळाला. त्या खाली बसल्या आणि सासूबाईंच्या बाजूचा गालिचा उचलून चंदेरी थर टराटरा सोलून काढला. बाहेरचा पत्रा तेवढा ठेवला, उतरताना पाय भाजू नये म्हणून.

दुसऱ्या फेरीत पुलावर सासूबाईंचा अंबाडा सुटला, केस वाऱ्यावर उडाले. "अगं, अजून जोरात!" त्या किंचाळल्या. गुडघ्यांवर हात चोळत त्या खिदळत होत्या आणि ओळखीचं दिसेल त्याला हात करत होत्या, अनोळखी दिसेल त्यालाही. अहो दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकाचा कोट छातीशी धरून उभे होते. गाडी थांबेल म्हणून ते पुढे झाले, तर ती गर्रकन वळून पुन्हा पुलाच्या दिशेने गेली.