तिसरा चिमटा

बाई गेल्याचं मला ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत कळलं. कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या ओनिगिरीचं, भाताच्या गोळ्याचं, प्लास्टिक सोडवत होतो आणि शनिवारच्या मराठी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला : 'आपल्या शिरोडकर बाई गेल्या. घरीच, झोपेत.' जळाऊ कचरा उचलायच्या दिवशी त्यांची पिशवी खाली आली नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या जपानी आजींना शंका आली, हे नंतर समजलं. अठ्ठावीस वर्षांत बाईंचा कचऱ्याचा दिवस एकदाही चुकला नव्हता. माझा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "दाइजोबू देसु का?" ठीक आहात ना? मी म्हटलं, "दाइजोबू," आणि ती ओनिगिरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. बाई कोण होत्या हे ज्याला सांगावं, असं त्या चौदा मजल्यांत एकही माणूस नव्हतं. दीड महिना झाला त्याला. म्हणून आता इथे सांगतो आहे.

आम्ही जपानात, निशी-कसाईला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सात वर्षांची मुलगी ओवी. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून गौरी, माझी बायको, पुण्यात आहे. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता दीड वर्ष होत आलं. ती गेली तेव्हा ओवी जपानी शाळेत नुकतीच पहिलीत बसली होती. संध्याकाळी तिला घेऊन घरी यायचो, कुकर लावायचो आणि विचारायचो, "आज काय झालं शाळेत?" ती म्हणायची, "बेत्सुनी." म्हणजे, विशेष काही नाही. मी फार ताणत नसे. खरं तर मला बरंच वाटायचं, कारण काही विशेष निघालं असतं तर त्याचं मी एकट्याने काय करणार होतो? घरात दोन माणसं आणि दोघंही गप्प. गौरीने फोनवर हुकूम सोडला, "ती मराठी विसरेल रे, वर्गाला घाल." तेव्हा कुठे मी हललो.

वर्ग वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहाच्या एका तातामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या, खोलीत भरायचा. दाराशी पंधरा-वीस इवले बूट, आणि आत शिरोडकर बाई खिडकीच्या कडीपासून कपाटाच्या मुठीपर्यंत एक दोरी बांधत असायच्या. दोरीवर कपडे वाळत घालायचे पाच चिमटे. बाई लग्नाआधी रत्नागिरीकडे पहिलीच्या वर्गावर शिकवायच्या. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीसाठी जपानला आल्या, आणि पुढे नवरा गेला, मुलगा टोरांटोला गेला, तरी इथेच राहिल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मला दोरीचं एक टोक धरायला लावलं. माझी गाठ सुटली. "इंजिनिअर ना हो तुम्ही?" त्या म्हणाल्या. पोरं खो खो हसली. ओवीही हसली, आणि ते मी पुष्कळ दिवसांनी ऐकत होतो.

त्या पाच चिमट्यांना पाच चिठ्ठ्या असायच्या : कोण? कुठे? काय अडलं? मग काय केलं? शेवटी काय झालं? मुलांनी चित्रं काढून चिमट्यांना लावायची आणि दोरीच्या कडेने चालत गोष्ट सांगायची. बाराखडीचा पत्ताच नाही. आम्ही पालक कुरकुरलो. मीच विचारलं, "बाई, ह्यांना क की ख कळत नाही, गोष्टी कसल्या सांगायला लावता?" बाई म्हणाल्या, "आधी सांगायला काहीतरी असू दे की त्यांच्याजवळ. अक्षरं मागायला ती आपणहून येतील." आणि खरंच यायची. चित्राखाली नाव हवं म्हणून एखादी चिमुरडी पेन्सिल घेऊन उभी राहायची, "बाई-सेन्सेइ, बेडूक कसं लिहायचं?" वाचतानाही तेच. ओळखीच्या घरात दिवे गेले तरी पाण्याचं भांडं हाताला लागतं, तसं मूल एखाद्या जोडाक्षरापाशी अडखळलं तरी पुढे जायचं. कारण आता कुणाचं तरी काहीतरी अडणार आहे आणि मग ते धडपडणार आहे, हे त्याला ठाऊक असायचं. लिहायला बसल्यावर कोरा कागद बघून रडणारी पोरं तिथे नव्हती. पुढचा चिमटा दिसत असायचा ना.

ओवीचं मात्र तिसऱ्या चिमट्यापाशी घोडं अडलं. तिची गोष्ट अशी : एक गोगलगाय होती. ती स्टेशनच्या भिंतीवर राहायची. मग रेल्वे आली. गोगलगाय भिंतीवरच होती. संपली. तिसरा चिमटा मोकळा. "तिचं काय अडलं?" बाई विचारायच्या. ओवी पुढच्या चिमट्याकडे सरकायची. सलग तीन शनिवार हेच. बाई हट्टी होत्या, सोडायला तयार नव्हत्या. तिसऱ्या शनिवारी ओवी रडली आणि जपानीत ओरडली की काहीही अडलेलं नाही, गोष्ट पुरी आहे. त्या रात्री मी तिचं दप्तर उपसलं आणि गोष्ट कशी रचायची ते सांगणारा तिच्या शाळेचा कागद सापडला. चार चौकटी : सुरुवात होते, ती पुढे सरकते, मधेच काही अनपेक्षित येतं, सगळं निवतं. तिथे कुणाचं काही अडावंच लागत नाही. ओवीची रेल्वे तिसऱ्या चौकटीत अगदी बरोबर आली होती. मी तो कागद बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो कितीतरी वेळ पाहिला. त्यांचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकलेला, त्यामुळे इतकी वर्षं इथे काढूनही हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं. मग सगळ्या वर्गासमोर त्या ओवीपुढे मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं हं, ओवी. तुझी गोष्ट पुरी होती." आणि त्यांनी दोरीला सहावा चिमटा लावला, बिनचिठ्ठीचा. "इथे काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि तिसरा मोकळा राहिला तरी चालेल."

मोकळा राहिला तर चालेल म्हटल्यावर तो भरला. महिनाभराने असेल, ओवीने तिसऱ्या चिमट्याला चित्र लावलं : गोगलगायींची रांग, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी, एकीच्या डोक्यावर नाही. "काय अडलं हिचं?" बाईंनी हळूच विचारलं. ओवी मराठीत म्हणाली, "हिला टोपी देत नाहीत." मला काही कळलं नाही. बाईंना कळलं; वर्गातल्या इतर मुलांच्या चित्रांत त्या टोप्या त्यांनी पाहिल्या होत्या. इथल्या शाळेत मुलंच पाळीपाळीने पांढरी टोपी आणि एप्रन घालून सगळ्या वर्गाला जेवण वाढतात. ओवी शाकाहारी, घरचा डबा नेते. म्हणून तिच्या शिक्षकांनी चांगल्या मनाने तिला वाढपाच्या पाळीतून वगळलं होतं. सगळी वर्षभर वाढत होती आणि ही आपला डबा उघडून बघत बसत होती. वर्षभर! आणि मी रोज 'बेत्सुनी' ऐकून कुकर लावत होतो. मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या निरोपाच्या वहीत चिठ्ठी लिहिली, शिक्षकांनी उलट माझीच माफी मागितली, आणि पुढच्या शुक्रवारी ओवी पांढरी टोपी धुवायला घरी घेऊन आली. तिने ती मला इस्त्री करायला लावली. दोनदा.

त्यानंतर आम्ही अधूनमधून बाईंकडे चहाला जाऊ लागलो. दोन खोल्या, टेबलाला दोन खुर्च्या. तिसरं माणूस आलं की बाई पलंगावर बसायच्या. ओवी बोलायची, मी बोलायचो, गौरी कधी येणार, ऑफिसात काय चाललंय... बाई विचारत राहायच्या. विचारायची सवयच होती त्यांना. आम्ही त्यांना काय विचारलं, हे आठवायचा मी ह्या दीड महिन्यात फार प्रयत्न केला. साखर कुठे ठेवलीय, एवढंच आठवतं.

शेवटची भेट स्टेशनच्या सायकल स्टँडवर झाली. मी घाईत होतो, बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या, जरा उतरलेल्या वाटल्या. "शनिवारी थोडं लवकर याल का? बोलायचं होतं." मी म्हटलं, "ह्या शनिवारी ऑफिसात रिलीज आहे हो बाई, ओवीलाही शेजारचेच सोडतील. पुढच्या शनिवारी नक्की. काही विशेष?" त्या हसल्या. "छे छे, विशेष काही नाही." आणि मी सायकलवर टांग मारली... विशेष काही नाही. हे वाक्य मी वर्षभर घरात ऐकलं होतं, त्याच्या पोटात काय असतं ते त्यांनीच मला दाखवलं होतं, आणि त्यांच्या तोंडून आलं तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. पुढचा शनिवार उजाडला तेव्हा बाई नव्हत्या.

टोरांटोहून त्यांचा मुलगा चार दिवसांसाठी आला. शांत, नीटनेटका माणूस. "आईचं काही दुखत-खुपत होतं का? तुम्हांला काही बोलली होती का?" त्याने मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्याने एक बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. आत दोरी आणि सहा चिमटे होते.

ती दोरी आता आमच्या घरात आहे, पडद्याच्या दांडीपासून फ्रिजच्या मुठीपर्यंत. गाठ मी बांधली आहे, अजून सुटलेली नाही. मागच्या रविवारी ओवीने तिच्यावर बाईंची गोष्ट लावली. पहिल्या चिमट्याला चष्म्याची बाई, दुसऱ्याला तातामीची खोली. मग तिसऱ्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "बाबा, बाईंचं काय अडलं होतं?"

"मला माहीत नाही गं."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही... राहिलं."

तिने जरा विचार केला, पेन्सिल घेतली आणि 'विचारलं' कसं लिहायचं ते मला विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. बाकीचं तिने स्वतःच लिहिलं आणि चिठ्ठी तिसऱ्या चिमट्याला लावली : कोणी विचारलं नाही.

ती चिठ्ठी अजून तिथेच आहे. सकाळी पडदा सरकवला की दोरी हलते आणि चिठ्ठी पाठमोरी होते. ऑफिसला निघण्याआधी मी ती सरळ करून ठेवतो.