उपासाचं आइस्क्रीम

खोटं बोलण्यात मी लहानपणी स्वतःला फार हुशार समजत असे. चौथीतली ती शहाणी आज समोर आली, तर तिचा कान पिळण्याआधी मी पोट धरून हसेन.

उन्हाळ्यात लग्नाचे आहेर घ्यायला दादा, म्हणजे माझे वडील, मायला आणि मला मानवतला न्यायचे. विद्यापीठ नामांतराच्या गडबडीत एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून वर्षातून ही एकच फेरी. खरेदी उरकली की पॉटच्या आइस्क्रीमचं दुकान. लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ, मध्ये डबा, वर फिरवायचा दांडा. बायकामुलांसाठी आत पडद्याआड दोन बाकडी. तिथल्या गुलाबी आइस्क्रीमसाठी मी वर्षभर गुणी मुलगी व्हायची, निदान दादांसमोर.

त्या वर्षी फेरी नेमकी सोमवारी आली. मायचा उपास. माझाही! साबुदाण्याच्या खिचडीवर डोळा ठेवून सकाळी "मी बी धरते" म्हणाले होते.

दुकानाच्या पायरीवर दादा थबकले. "तुझ्या मायला चालत न्हाई. तिला नुसतं बसवून आपण खायचं का? चला."

माझं अख्खं वर्ष वाया चाललं होतं. "चालतंय की!" मी म्हणाले. "नुसतं दूध अन् साखर असतंय."

मागच्या वर्षी दुकानाच्या शेठना दुधात मक्याचं पीठ कालवताना मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते दारातच दांडा फिरवत होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

आम्ही आत जाऊन बसलो आणि थोड्या वेळानं शेठ स्वतःच पडद्याआड आले. दोन कप गुलाबी, एक पांढरा. पांढरा त्यांनी मायपुढे ठेवला. "ताई, हे नुसतं खव्याचं. पीठ न्हाई ह्यात. आमच्या घरी बी सोमवार असतोय, बायकोसाठी येगळं लावतो."

माय माझ्याकडे वळली. "म्हणजे तुझ्यात पीठ हाय?"

"मला काय ठाव?"

"आता झालं ना ठाव? तुझा बी उपास हाय न्हवं? सकाळी खिचडी दोनदा वाढून घेतलीस."

"मी मोडते की!"

"मोड. महादेवाला तूच सांग."

दादांनी हसत माझा कप ओढला. "वितळायलंय. पाप मी घेतो."

एरवी माय शेवटची भाकर आमच्या ताटात टाकणारी. म्हणून मी केविलवाणं तोंड करून तिच्या चमच्याची वाट बघत बसले. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिनं डोळे मिटले होते. डोक्यावरचा पदर घसरला, तोही सावरला नाही. कप चाटूनपुसून साफ.

मग तिनं पडदा सारून परक्या माणसाला विचारलं, "भाऊ, अजून हाय का?"

मायनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. शेठनी बायकोच्या वाट्याचं उरलेलं आणून दिलं. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते. त्यांनी मला उघडं पाडलं नसतं, तर मायनं दोन चमचे खाऊन कप माझ्याकडे सरकवला असता, आणि तिला आइस्क्रीम इतकं आवडतं हे आम्हाला कधी कळलंच नसतं.

दुसरा कप संपत आल्यावर तिनं अर्धा चमचा माझ्या तोंडापुढे धरला. "घे. का वरून पीठ भुरभुरू?"