जुन्या दुःखाचा वाटा

कतारमध्ये, दोह्यात स्टेडियम आणि मेट्रोची कामं जोरात होती, त्या वर्षांत मी तिथे मानसोपचार करत होते. कामावरच्या अपघातांचे दावेही माझ्याकडे येत. मनाच्या दुखण्यातलं अपघाताचं किती आणि आधीचं किती, हे मला टक्क्यांत लिहून द्यावं लागे. त्यात माझा हात चांगला बसला होता.

एकदा रत्नागिरीकडचा एक परांची बांधणारा आला. मुशैरिब मेट्रो स्थानकाच्या कामावर त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत उंचावरून पडून मेला होता. तेव्हापासून हा शिडीच्या चौथ्या पायरीवरच थरथरायचा. हिंदीत अडखळत सांगत होता. मी मराठीत विचारलं तसा सैलावला.

विमा कंपनी म्हणत होती, निम्मं दुखणं जुनंच आहे. भाऊ समुद्रात बुडाला तेव्हा गावी त्याने वर्षभर झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि तसं स्वतःच फॉर्मवर लिहिलं होतं.

पण त्यानंतर तो सहा वर्षं इथे उंचावरच काम करत होता; डबासुद्धा वरच बसून खायचा. मी दरवर्षीच्या तपासण्यांचे कागद मागवले. प्रत्येकावर उंचीवरच्या कामास योग्य असा शेरा. जुन्याचा वाटा शून्य, असं मी ठरवलं आणि त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "तसं नका लिहू, मॅडम. जोडीदार पडला तेव्हा मला माझा भाऊच दिसला."

"भावाचं लिहिलं तर तुमचीच भरपाई कमी होईल."

"होऊ दे. भावाला वगळू नका."

मी घाई केली होती, आणि ते दाखवून दिलं पेशंटने. नव्याने लिहिलं: जुनी जखम भरलेली होती, तिने काम कधी अडवलं नाही, पण या धक्क्यात तिचा दहावा हिस्सा आहे. बाकी सगळं अपघाताचं. प्रत्येक वाक्याला कारण दिलं.

विमा कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. निम्मा आणि दहावा हिस्सा यांच्या मधला एखादा आकडा लिहिता येईल का, असं तो गोड आवाजात विचारत होता. मी सांगितलं, कोर्टातही हाच आकडा सांगेन. महिन्याभरात त्यांनी अहवाल मान्य केला.

उपचारानंतर त्या परांचीवाल्याला मेसईदच्या औद्योगिक भागातल्या गोदामात, जमिनीवरचं काम मिळालं. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, गेलेल्या जोडीदाराच्या बायकोला त्याने पहिल्यांदाच फोन केला होता. ती बराच वेळ ऐकत राहिली, आणि पुढच्या शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तिनेच फोन केला.